भरल्या ताटावरची उपासमार : आहारविकारांची लक्षणे आणि गावाची जबाबदारी

(जालना जिल्ह्यातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. परंतु या भूमीची दुष्काळाशी असलेली ओळख त्याहून पुष्कळ जुनी आहे. १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे आणि तेथे वाटली जाणारी सुकडी आजही वृद्धांच्या बोलण्यात येते. २०१२-१३ च्या अवर्षणात मोसंबीच्या उभ्या बागा वाळून गेल्या, ही गोष्ट तर अलीकडचीच. अशा जिल्ह्यात एखादे मूल कृश दिसले, की घरात अन्न कमी पडत असावे किंवा मुलाला काही दुखणे असावे, असा तर्क केला जातो. बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो. परंतु धान्य घरात आहे, ताट वाढलेले आहे, दुखणेही सापडत नाही आणि तरीही घास घशाखाली उतरत नाही, अशी एक तिसरी अवस्था असते. तिला आहारविकार म्हणतात. या अवस्थेची ओळख नसल्यामुळे ती गरिबीच्या किंवा हट्टाच्या नावाखाली दडून राहते, आणि मोलाचे महिने वाया जातात.

म्हणून कृश होत चाललेल्या मुलाविषयी तीन प्रश्न विचारण्याची सवय शाळेने व गावाने लावून घेतली पाहिजे. अन्न घरात नाही काय? खाल्लेले अंगी लागत नाही काय? की मनच खाऊ देत नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिधावाटप, अंगणवाडी व शालेय पोषण आहार यांत आहे. दुसऱ्याचे उत्तर क्षयरोग, मधुमेह, जंत, थायरॉईडचे विकार यांच्या तपासणीत आहे. तिसरा प्रश्न मात्र सहसा विचारलाच जात नाही. वजनाचा काटा तिन्ही ठिकाणी सारखाच आकडा दाखवतो; फरक कळतो तो मुलाच्या वागण्यावरून. ते वागणे रोज पाहणारी माणसे म्हणजे शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती होत.

विकाराची रूपे

आहारविकार हा चोचलेपणा नव्हे आणि वाईट वळणही नव्हे. तो मनाचा आजार असून त्याचे परिणाम थेट शरीरावर होतात. त्याची चार-पाच रूपे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले रूप ॲनोरेक्सिया नर्व्होसा. यात व्यक्ती आपले खाणे सतत कमी करीत जाते, वजन धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते, आणि तरीही आपल्या प्रकृतीला काही झाले आहे, हे तिला मान्य नसते. इंग्लंडमधील सर विल्यम गल आणि फ्रान्समधील लासेग या वैद्यांनी १८७३ च्या सुमारास त्याचे वर्णन केले. दुसरे रूप बुलिमिया नर्व्होसा. थोड्या वेळात भरमसाट खाणे, नंतर अपराधी वाटून मुद्दाम ओकारी काढणे, रेचक घेणे किंवा दिवसदिवस उपाशी राहणे, असे चक्र यात चालू राहते. जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली या विकाराची स्वतंत्र नोंद केली. यातील रुग्णाचे वजन पुष्कळदा सर्वसाधारण असते; त्यामुळे केवळ देहयष्टीवरून तो ओळखू येत नाही. तिसऱ्या रूपात भरमसाट खाणे असते, परंतु ओकारी वा उपास नसतो. चौथ्यात वजनाची चिंता मुळीच नसते. विशिष्ट वास, चव अथवा घास अडकण्याची भीती यांमुळे मूल मोजकेच पदार्थ खाते आणि त्याची वाढ खुंटते.

पाचवे रूप प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने पाहिलेले असते. पण त्यास आजार असे नाव दिलेले नसते. पाटीवरची पेन्सिल, खडू, माती, भिंतीचा पोपडा, कोळसा, राख असे अखाद्य पदार्थ महिनाभर वा अधिक काळ खात राहणे, याला पायका म्हणतात. दोन वर्षांच्या आतील बालक हाताला लागेल ते तोंडात घालते, तो विकार नव्हे. मोठ्या मुलांत, किशोरवयीन मुलींत व गर्भवती स्त्रियांत ही ओढ दिसल्यास रक्तक्षयाची शंका प्रथम घ्यावी. गर्भवतीची मातीची इच्छा डोहाळे म्हणून कौतुकाने पुरवली जाते. मात्र मातीबरोबर जंतांची अंडी पोटात जातात आणि रक्तक्षय अधिकच वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हे प्रमाण पाहता पेन्सिल खाणाऱ्या मुलीच्या हातावर छडी मारण्यापेक्षा तिच्या रक्ताची तपासणी करणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

हा केवळ श्रीमंतांचा आजार आहे काय?

आहारविकार म्हणजे मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांतील मुलींचा आजार, अशी समजूत आहे. तिला दोन बाजूंनी तडा गेला आहे.

एक म्हणजे भारतातील रुग्णांविषयीचा वैद्यकीय अनुभव. १९९५ साली दिल्लीच्या मनोविकारतज्ज्ञांनी पाच तरुण स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी खाणे टाकले होते, वजन उतरले होते. परंतु पाश्चात्त्य ग्रंथांत वर्णिलेली लठ्ठपणाची भीती त्यांच्यात ठळकपणे दिसत नव्हती. हाँगकाँगमधील डॉक्टरांनाही त्याच सुमारास असा अनुभव आला. तेथील पुष्कळ रुग्ण ‘पोट गच्च वाटते’, ‘भूकच लागत नाही’ असे सांगत. ग्रामीण भागातील मुलगी ‘मला बारीक व्हायचे आहे’ असे म्हणेलच असे नाही. ती ‘पोट दुखते’, ‘अन्न वर येते’, ‘आज माझा उपास आहे’ असे म्हणेल. शब्द निराळे असले तरी खाणे सुटत जाणे तेच असते.

दुसरी बाजू जगाच्या एका टोकाकडील आहे. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ साली दूरदर्शन प्रथम पोचले. अन बेकर या संशोधिकेने त्या वेळी आणि पुन्हा १९९८ साली तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटविण्यासाठी ओकारी काढणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत नव्हती. तीन वर्षांनी अशा मुलींचे प्रमाण शेकडा ११ हून अधिक झाले. तेथे भरदार अंगकाठीला मान होता. तो तीन वर्षांत डळमळला. आज मंठा, परतूर, जाफराबाद या तालुक्यांतील खेड्यांतही मोबाईल संचावर दिवसभर सुंदर चेहरे व घडीव शरीरे दिसत असतात. फिजीतील अनुभव जालन्याला परका राहिलेला नाही.

याशिवाय महाराष्ट्रात दोन टोकांच्या समस्या एकाच वेळी वावरत आहेत. वर सांगितलेल्या पाहणीतच राज्यातील २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश, तर २३.४ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा अधिक वजनाच्या आढळल्या. एकाच गल्लीत एका घरी दुधाची भ्रांत असते आणि दुसऱ्या घरी मुलीच्या जाडीची चिंता.

व्रत आणि विकार

भोकरदन तालुक्यातील राजूरच्या गणपतीला अंगारकी चतुर्थीला लोटणारी गर्दी, आषाढीची एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, तसेच रमजानचे रोजे ही या जिल्ह्याच्या जीवनाची अंगे आहेत. उपवास म्हणजे विकार असे कोणीही समजू नये. व्रताला आरंभ असतो, समाप्ती असते, आणि पारण्याचा आनंद असतो. व्रत घरातील इतरांबरोबर केले जाते. आजाऱ्याला, गर्भवतीला व लहान मुलाला त्यातून सूट असते. विकारातील उपासाला शेवट नसतो. एका वाराचे दोन वार होतात, फराळाचे पदार्थही एकेक करून गळतात, पारण्याच्या दिवशी नवे निमित्त निघते, आणि कोणी आग्रह केला तर रडारड होते. घनसावंगी तालुक्यातील जांब ही समर्थ रामदासांची जन्मभूमी. बलोपासनेचा पुरस्कार करणाऱ्या संताच्या या जिल्ह्यात शरीर खंगविणे म्हणजे श्रद्धा नव्हे, हे पटवून देणे अवघड जाऊ नये.

वागण्यातील लक्षणे

शाळेत व घरात दिसणारी पहिली लक्षणे वागण्यातील असतात. मूल सर्वांच्या पंक्तीत बसण्याचे टाळते. डबा भरलेला परत नेते, गुपचूप कुत्र्याला घालते किंवा मैत्रिणींना वाटून टाकते. भाकरीचे अगदी बारीक तुकडे करून ताटात फिरवीत बसते. स्वतः खात नाही. परंतु इतरांना आग्रहाने वाढते आणि सारखे स्वयंपाकाविषयी बोलते. जेवण होताच न्हाणीघरात वा शौचालयात जाते व बराच वेळ बाहेर येत नाही. घरातील खाऊ किंवा शिळे अन्न एकाएकी नाहीसे होते आणि त्याविषयी विचारले की मूल ओशाळते. सैल कपडे घालून हातपाय झाकून घेते. पूर्वी हसतेखेळते असलेले मूल एकलकोंडे, चिडखोर होते. अभ्यासात मात्र अट्टहासाने पहिल्या क्रमांकाच्या मागे लागते. त्यामुळे शिक्षकांची फसगत होते. गुणी, शांत, कधी तक्रार न करणाऱ्या मुलीकडे लक्ष द्यावे असे कोणालाच वाटत नाही.

यातील काही लक्षणे उपासमारीतूनच निर्माण होतात, हेही लक्षात घेणे अगत्याचे आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून एक प्रयोग केला. त्या धडधाकट तरुणांच्या मनात अन्नावाचून दुसरा विचार राहिला नाही. ते पाककृती जमवू लागले, चिडखोर व उदास झाले, माणसांपासून दूर राहू लागले. भूक मनालाही आजारी करते. म्हणून ‘आधी तिला शहाणपण येऊ दे, मग ती खाईल’ असे म्हणत थांबून चालत नाही. पोषण सुधारल्याखेरीज विचारही ताळ्यावर येत नाहीत.

शरीरावरील लक्षणे आणि धोक्याच्या खुणा

वाढत्या वयात वजन केवळ घटणेच नव्हे, तर वाढावयाचे थांबणे हेही लक्षण आहे. सुरू झालेली मासिक पाळी बंद पडणे, उन्हाळ्यातही थंडी वाजणे, केस गळणे, अंगावर मऊ बारीक लव येणे, बद्धकोष्ठ, थकवा व चक्कर ही उपासमारीची चिन्हे होत. वारंवार ओकारी काढणाऱ्याच्या गालांच्या मागील बाजूस सूज येते, दातांचे कवच झिजते, आणि बोटे घशात घातल्याने हाताच्या मागील पेरांवर घट्टे किंवा व्रण दिसतात.

पुढील खुणा दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे : घेरी येऊन पडणे, छातीत धडधड, जागेपणी विश्रांतीच्या वेळी नाडीचे ठोके मिनिटाला ५० हून कमी असणे, पाणीही न घेणे, रक्ताची ओकारी, अतिशय अशक्तपणा, आणि जीव नकोसा झाल्याचे बोलणे. ओकारी व रेचके यांमुळे शरीरातील पोटॅशियम उतरते आणि हृदय अकस्मात बंद पडू शकते. मनोविकारांमध्ये ॲनोरेक्सियातील मृत्यूचे प्रमाण सर्वाधिकांपैकी एक आहे, आणि त्यांतील सुमारे पाचवा हिस्सा मृत्यू आत्महत्येने होतात. दुसरी सूचनाही तितकीच महत्त्वाची. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर जेवू घालू नये. अशा वेळी रक्तातील क्षार झपाट्याने घटून प्राणावर बेतू शकते. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावयाचा असतो.

धोका कोणाला अधिक?

या विकारांचे एकच एक कारण नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्यामुळे आईच्या वळणाला किंवा वडिलांच्या शिस्तीला दोष देणे अशास्त्रीय ठरते. बारा ते वीस हे वय विशेष नाजूक. मुलींत प्रमाण अधिक असले तरी मुले मुक्त नाहीत. पोलीस व सैन्य भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारे तरुण आणि वजनगटात बसण्यासाठी उपाशी राहणारे मल्ल यांच्यात तो मुद्दाम शोधावा लागतो. शरीर कमावण्याच्या नादात जेवण टाकून नुसत्या भुकटीवर राहणारा तरुणही याच धोक्याच्या वाटेवर असतो. मधुमेहासाठी इन्शुलिन घेणारी किशोरवयीन मुले वजन उतरावे म्हणून मात्रा चुकवतात, हा प्रकार जिवावर बेतणारा आहे.

रंग, जाडी, दात, उंची यांवरून होणारी थट्टा हे एक ठळक कारण आहे. ‘जाडे’, ‘म्हैस’, ‘काडी’ ही टोपणनावे वर्गात ऐकू आली तर ती निरुपद्रवी समजू नयेत. स्थळ पाहण्याचा कार्यक्रम जवळ आला की मुलीला ‘थोडी कमी हो’ असे सांगणे, हेही त्याच जातीचे. बालविवाहाचे प्रमाण जालना जिल्ह्यात राज्याच्या सरासरीहून अधिक आहे; ज्या मुलीच्या हाती आपल्या आयुष्याचा कोणताच निर्णय नाही, तिच्या हाती ताटातील घास नाकारणे एवढेच उरते. ऊसतोडीसाठी आईवडील कारखान्यावर गेल्यावर हंगामी वसतिगृहात अथवा आजीजवळ राहणारी मुले, घरातील मृत्यू, कर्जाचा ताण, परीक्षेचे भय यांचाही परिणाम होतो. लैंगिक अत्याचार हे आणखी एक गंभीर कारण. तशी शंका आल्यास बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार माहिती देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

कसे विचारावे, कोठे न्यावे?

लंडनमधील तज्ज्ञांनी १९९९ साली पाच प्रश्नांची एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. पोट जड वाटते म्हणून मुद्दाम ओकारी काढता काय? खाण्यावरील ताबा सुटल्याची चिंता वाटते काय? तीन महिन्यांत सहा किलोहून अधिक वजन उतरले काय? इतर बारीक म्हणत असताना स्वतःला लठ्ठ वाटते काय? अन्नाच्या विचाराने सारे आयुष्य व्यापले आहे काय? दोन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली तर तपासणी करावी. हे निदान नव्हे, केवळ इशारा होय. शिवाय वर सांगितल्याप्रमाणे लठ्ठपणाची भीती नसलेली मुलगी या चाचणीतून निसटू शकते. तिच्याबाबत वागण्यातील लक्षणांवरच भर द्यावा. हे प्रश्न ज्याच्याविषयी शंका आहे त्यालाच, एकांतात विचारावेत. भर वर्गात विचारल्यास मूल कायमचे मिटून जाते, आणि इतर मुलांना नको ते मार्ग कळतात.

बोलण्याची सुरुवात वजनापासून करू नये. ‘तू हल्ली थकलेली दिसतेस, डबाही तसाच राहतो, काही त्रास होतो का, बाळ?’ एवढे पुरे. धाक, शपथा, नवस, बळजबरीचा घास यांनी विकार अधिक खोल जातो. शाळेतील आरोग्य तपासणीत वजनाचे आकडे मोठ्याने वाचून दाखवू नयेत. ही एक सुधारणा खर्चाशिवाय उद्यापासून अमलात येऊ शकते. पालकांना बोलावताना दोष देण्याचा सूर नसावा. किशोरवयीन रुग्णांच्या उपचारात कुटुंबालाच बरोबर घेऊन जेवणाची घडी पुन्हा बसविण्याची पद्धत उपयुक्त ठरली आहे. तेव्हा आईवडील हे उपचाराचे भागीदार आहेत.

व्यवस्था अगदीच नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळा व अंगणवाड्यांत तपासणी करतात. शंकास्पद मुलांची यादी शिक्षकांनी पथकासमोर ठेवावी. किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ केंद्रे आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासणी, लोहाच्या व जंतनाशक गोळ्या मिळतात. पायकाचे निम्मे काम तेथेच होते. पुढील उपचारासाठी जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग आणि साठेक किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आहे. जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटनही ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. ‘टेलिमानस’ या सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर असावा.

ग्रामपंचायतीच्या आरोग्य व पोषण समितीच्या बैठकीत कमी वजनाच्या बालकांची संख्या वाचली जाते. त्या संख्येपुढे आणखी एक रकाना हवा : या प्रत्येक मुलाबाबत तिन्ही प्रश्न विचारले गेले काय? धान्य पुरविले, औषध दिले, आणि तरीही मूल खंगत असेल, तर त्याच्या मनाची चौकशी करणे हेदेखील पोषणाचेच काम आहे. हा विकार लवकर ओळखला गेल्यास बरा होतो; उशीर झाला तर वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत न खाल्लेला डबा ज्याच्या नजरेस पडतो, त्या शिक्षकाच्या, सेविकेच्या वा अधीक्षकाच्या हाती म्हणूनच उपचाराचा आरंभ आहे.